गुलामीची चिकित्सा करणारा डॉक्टर

६ डिसेंबर म्हटले की आमच्या डोळ्यांसमोर चैत्यभूमीकडे निघालेली माणसांची न संपणारी रांग उभी राहते. दुसरे काही आठवावे अशी ती तारीखच नाही. परंतु बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर बरोबर पाच वर्षांनी, १९६१ च्या ६ डिसेंबरलाच, अमेरिकेत वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा येथील सरकारी रुग्णालयात एक काळा डॉक्टर रक्ताच्या कर्करोगाने मरण पावला. वय अवघे ३६. त्याचे नाव फ्रान्झ फॅनन. तारीख एक आली हा निव्वळ योगायोग आहे. आम्ही चमत्कार मानणारी माणसे नव्हेत. पण गुलाम केलेल्या माणसाचे मन कसे घडते, तो राजकारणात असा का वागतो आणि तसा का वागत नाही, याचा शोध ज्याने दवाखान्यात बसून घेतला, त्याची ओळख चळवळीतील माणसाला असलीच पाहिजे, म्हणून हा प्रपंच.

आमच्या वस्तीने एखाद्या निवडणुकीत आपल्याच माणसाला पाडले, अन्याय झालेला बाप कोर्टात साक्ष फिरवून मोकळा झाला, शिकलेला मुलगा आडनाव बदलून सोसायटीत राहायला गेला, की लगेच निकाल दिला जातो : या लोकांची मानसिकताच तशी. प्रस्थापितांची वर्तमानपत्रे हे म्हणतात आणि दुःखाची गोष्ट अशी, की आमचे कार्यकर्तेही थकून भागून हेच म्हणतात. मानसिकता हा शब्द फार सोयीचा झाला आहे. तो उच्चारला की विचार करण्याचे काम संपते. फॅननचे काम नेमके तेथून सुरू होत होते.

कॅरिबियन समुद्रात मार्टिनिक नावाचे लहानसे बेट आहे. आफ्रिकेतून जहाजात कोंबून आणलेल्या गुलामांनी तेथे उसाचे मळे पिकवले. गुलामगिरी १८४८ मध्ये कायद्याने संपली, बेट मात्र फ्रान्सच्याच ताब्यात राहिले. तेथे फोर-द-फ्रान्स या शहरात २० जुलै १९२५ रोजी फॅननचा जन्म झाला. वडील जकात खात्यात नोकरीला, आई दुकान चालवणारी, आठ भावंडे. म्हणजे घर खाऊनपिऊन सुखी होते. शाळेत ही काळी मुले आपले पूर्वज गोरे गॉल लोक होते असे पाठ करीत. घरी कोणी क्रिओल, म्हणजे आपली बेटावरची बोली, बोलले की आई डोळे वटारी. शुद्ध फ्रेंच बोलणारा तो सुधारलेला, आणि पॅरिसला जाऊन उच्चार बदलून आलेला तर गावचा हिरोच. आमच्या वाचकांना हे सारे फार समजावून सांगावे लागेल असे वाटत नाही. वस्तीतली बोली कॉलेजात गेल्यावर जिभेवरून खरवडून काढणारी पिढी आपण पाहिली आहे.

पण याहून महत्त्वाची एक गोष्ट फॅननने पुढे लिहून ठेवली. मार्टिनिकचा माणूस स्वतःला काळा समजतच नसे. काळा म्हणजे आफ्रिकेतला, सेनेगलचा. कोणी चुकून सेनेगलचा समजले तर मार्टिनिकवाल्याला राग येई. शेजारच्या ग्वादलूप बेटावरचा माणूस आपण मार्टिनिकचेच आहोत असे भासवी. म्हणजे गोरा वर, त्याखाली मार्टिनिक, त्याखाली ग्वादलूप, आणि सर्वांच्या पायाखाली आफ्रिका. प्रत्येकाला तुडवायला कोणीतरी दिलेला, म्हणून वरच्याविरुद्ध कोणी एक होत नाही. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमतेची जी मीमांसा केली तिचा हा समुद्रापलीकडचा पुरावा आहे. शोषित एकजूट का होत नाहीत, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या स्वभावात नसून शिडीच्या रचनेत आहे.

आणि रचना हलली की मन हलते, हेही फॅननने त्याच बेटावर पाहिले. १९४० मध्ये जर्मनीने फ्रान्स जिंकले आणि फ्रेंच आरमाराची जहाजे मार्टिनिकच्या बंदरात अडकून पडली. हजारो गोरे खलाशी लहानशा शहरात उतरले आणि दुकानांत, रस्त्यांवर, खानावळींत त्यांनी बेटवासीयांना अस्सल वर्णद्वेष दाखवला. स्वतःला जवळजवळ गोरा समजणाऱ्या मार्टिनिकवाल्याला कळले, की या खलाशांच्या लेखी आपण आणि सेनेगलचा माणूस एकच. त्याच काळात एमे सेझेर हा कवी तेथल्या शाळेत शिकवीत होता आणि काळे असणे ही लाज नव्हे, अभिमान आहे, असे सांगत होता. आधी लोकांनी त्याला वेड्यात काढले होते. १९४५ मध्ये त्याच लोकांनी त्याला महापौर केले आणि फ्रान्सच्या संसदेवर पाठवले. त्या प्रचारात फॅनन स्वतः राबला. पाच-सहा वर्षांत एका समाजाची मानसिकता बदलली. कोणी त्यांना गोळ्या-औषधे दिली नव्हती. अपमान उघडा पडला होता आणि त्या अपमानाला नाव देणारा माणूस भेटला होता.

मधल्या काळात फॅनन लढाईवर जाऊन आला होता. १९४३ मध्ये, १७ वर्षांचा असताना, हिटलरविरुद्ध लढायचे म्हणून तो घरातून पळाला. पुढे रीतसर फौजेत भरती झाला, उत्तर आफ्रिकेतून फ्रान्समध्ये पोहोचला, जखमी झाला, शौर्यपदक मिळाले. फ्रान्सच्या स्वातंत्र्यासाठी रक्त सांडले, पण फौजेतही चामडीचा रंग आधी पाहिला जात होता. आपण चुकीच्या भ्रमापायी घर सोडले, असे त्याने १९४५ मध्ये आईवडिलांना कळवले. पदकाच्या आदेशावर सही होती राऊल सालां या अधिकाऱ्याची. हे नाव लक्षात ठेवावे.

युद्धानंतर तो फ्रान्समधील लियों शहरात वैद्यक शिकू लागला आणि मनोविकारशास्त्राकडे वळला. पदवीसाठी प्रबंध लिहायला घेतला तो काळ्या माणसाच्या मनावर. विद्यापीठाला तो प्रबंध म्हणून मान्य होण्यासारखा नव्हता, म्हणून त्याने मज्जासंस्थेच्या एका आनुवंशिक रोगावर दुसराच प्रबंध लिहून १९५१ मध्ये पदवी घेतली, आणि नाकारलेले लेखन १९५२ मध्ये पुस्तकरूपाने काढले. काळी त्वचा, गोरे मुखवटे असा त्या पुस्तकाच्या नावाचा अर्थ. त्यात एक प्रसंग आहे. एक लहान गोरे पोर त्याला पाहून घाबरते आणि आईला बिलगते. पोराने कोणाचे वाईट चिंतिले नव्हते. पण त्या क्षणी फॅनन डॉक्टर राहिला नाही, सैनिक राहिला नाही, फ्रेंच नागरिक राहिला नाही. तो फक्त एक काळे शरीर उरला. त्याने त्यावर विचार केला तो असा : न्यूनगंड हा काळ्या माणसाच्या आत जन्मत नाही. आधी पोट आणि हक्क मारले जातात, मग ती हीनता कातडीत मुरवली जाते.

हे त्याला मुद्दाम ठासून सांगावे लागले, कारण १९५० मध्ये ऑक्ताव्ह मानोनी या फ्रेंच लेखकाचे एक पुस्तक आले होते. मानोनी मादागास्करमध्ये फ्रेंच सरकारी सेवेत होता. तेथे १९४७ मध्ये लोकांनी उठाव केला, सरकारने तो चिरडला, हजारो माणसे मेली. आणि मानोनीने मानसशास्त्राच्या आधारे मांडले काय, तर तेथल्या लोकांच्या मनाला मुळातच परावलंबनाची ओढ आहे. त्यांना धनी लागतो, तो आधार सुटेल असे वाटले की ते बिथरतात. म्हणजे गुलामाला गुलामीची हौस! फॅननने या सिद्धांताला संपूर्ण प्रकरणभर उत्तर दिले. आमचे म्हणणे असे, की हा वाद अजून मिटलेला नाही. आमच्या लोकांना आरक्षणाच्या कुबड्यांची सवय लागली असे जेव्हा कोणी विद्वान लिहितो, तेव्हा तो मानोनीच्याच गादीवर बसलेला असतो.

१९५२ मध्येच फॅननने एका मासिकात लियोंमधल्या उत्तर आफ्रिकी मजुरांवर लेख लिहिला. हे मजूर दवाखान्यात येत आणि सगळीकडे दुखते म्हणून सांगत. तपासणीत काही सापडत नसे, म्हणून गोरे डॉक्टर त्यांना ढोंगी, आळशी ठरवीत. फॅननने विचारले, की ज्याला घर नाही, बायकापोरे समुद्रापलीकडे, ज्याला रस्त्यात कोणी माणूस म्हणत नाही, त्याने नेमक्या कोणत्या जागी बोट ठेवून येथे दुखते म्हणून दाखवावे?

१९५३ च्या अखेरीस तो अल्जीरियात ब्लिदा येथील मनोरुग्णालयात वरिष्ठ डॉक्टर म्हणून रुजू झाला. येथे जे घडले ते आम्हाला त्याच्या आयुष्यातले सर्वांत शिकण्यासारखे वाटते, कारण येथे तो स्वतः चुकला. फ्रान्समध्ये फ्रान्सिस्को फ्रँकोच्या स्पेनमधून निर्वासित म्हणून आलेल्या तोस्केल या डॉक्टरच्या हाताखाली तो एक पद्धत शिकला होता. रुग्णालय हेच एक छोटे समाजजीवन करायचे. सभा भरवायच्या, रुग्णांनी स्वतःचे वर्तमानपत्र काढायचे, सण, सिनेमे, हस्तकला. ब्लिदात त्याच्याकडे १६५ युरोपियन स्त्रिया आणि २२० मुसलमान पुरुष होते. त्याने सर्वांना एकच उपाय लावला. गोऱ्या स्त्रियांच्या वॉर्डात काही आठवड्यांतच जीव आला. मुसलमान पुरुष मात्र भिंतीसारखे बसून राहिले. सभेत बोलेनात, गाण्यात येईनात, टोपल्या विणायला हात लावीनात. कर्मचारी म्हणाले असतील, हे लोकच असे. फॅननला अरबी येत नव्हती, सारे दुभाष्यामार्फत चाले.

काही महिने डोके आपटल्यावर त्याच्या आणि त्याचा सहकारी जाक अझुले याच्या लक्षात आले, की रुग्ण अडेल नाहीत, पद्धत परकी आहे. टोपली विणणे हे तेथे बायकांचे काम. गोऱ्यांचे सण त्यांचे सण नव्हेत. शेतकरी माणसाला रंगमंचावर नाटक करायला सांगण्यात काय हशील? मग त्यांनी वॉर्डात तेथल्या धर्तीचे कॉफीघर उघडले, गोष्ट सांगणारा कथेकरी बोलावला, मुसलमानी सण साजरे केले, नमाजाची सोय केली, शेतीकाम दिले, फुटबॉलचे मैदान केले. मुकी माणसे बोलू लागली. फॅननने आपली चूक छापून कबूल केली. काळ्या माणसाच्या गोऱ्या मुखवट्यावर पुस्तक लिहिणारा हा माणूस, पण त्याच्याही डोळ्यांवर मालकाचाच चष्मा होता. आमच्यातले जे साहेब झाले आणि रविवारी वस्तीत प्रबोधन करायला जातात, आणि लोक ऐकत नाहीत म्हणून कपाळाला हात लावून परत येतात, त्यांनी हे पान दोनदा वाचावे.

त्या काळी अल्जिअर्सच्या विद्यापीठात आंत्वान पोरो नावाचा प्राध्यापक आणि त्याची शिष्यमंडळी मनोविकारशास्त्र शिकवीत. त्यांचे संशोधन सांगत होते, की अल्जीरियन माणूस जन्मतःच खोटारडा, हिंसक, विचार न करता वार करणारा, कारण त्याच्या मेंदूचा वरचा भाग नीट काम करीत नाही. ब्रिटिशांच्या केनियात कॅरोथर्स नावाचा डॉक्टर होता. त्याने १९५३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या ग्रंथात आफ्रिकन माणसाची तुलना मेंदूची शस्त्रक्रिया झालेल्या युरोपियनाशी केली. पुढच्याच वर्षी केनिया सरकारसाठी त्याने माऊ माऊ उठावाचे मानसशास्त्र लिहिले. गोऱ्यांनी जमिनी बळकावल्या म्हणून पेटलेला उठाव, तो या विद्वानाने मनाच्या गोंधळात जमा केला. मनुस्मृतीने जे जन्माच्या नावाने केले ते यांनी मेंदूच्या नावाने केले. दुरून पाहताना विज्ञान वाटते एवढाच फरक.

फॅननने याला उत्तर दिले ते साध्या निरीक्षणाने. १९५५ मध्ये लाकातों या सहकाऱ्याबरोबर त्याने कबुलीजबाबावर एक टिपण वाचले. अल्जीरियन आरोपी पोलिसांपुढे गुन्हा कबूल करतो आणि न्यायाधीशासमोर साफ नाकारतो, असे वारंवार होई. पोरोपंथी म्हणत, जात्याच खोटारडे. फॅनन म्हणाला, कबुली देणे म्हणजे समाजाचा नियम आपला मानून त्यापुढे मान तुकवणे. ज्या समाजाने तुम्हाला आपल्यात कधी घेतलेच नाही, त्याच्या न्यायालयापुढे तुम्ही गप्प बसलात तर ते खोटे बोलणे नव्हे. तेथे करारच झालेला नाही, मग मोडला कसा? गावातला दलित साक्षीदार न्यायालयात का फुटतो, याचा विचार करताना आम्हाला हे टिपण नेहमी आठवते. भीती आणि पोट ही कारणे तर आहेतच. पण हे न्यायालय माझे आहे, ही खात्री त्याला कोणी कधी दिली?

१ नोव्हेंबर १९५४ रोजी अल्जीरियाचे मुक्तियुद्ध पेटले. आता फॅननच्या दवाखान्यात दोन्ही बाजूंची माणसे येऊ लागली. छळाने मोडलेले बंदी आणि छळ करून मोडलेले पोलीस. एक युरोपियन पोलीस दिवसभर कोठडीत माणसे छळी आणि घरी येऊन बायकोला, तान्ह्या मुलालाही मारी. त्याला नोकरी सोडायची नव्हती. आपले काम शांत चित्ताने करता यावे एवढाच इलाज त्याला डॉक्टरकडून हवा होता. दुसऱ्या एका पोलिसाची रुग्णालयाच्या आवारात आपणच छळलेल्या माणसाशी गाठ पडली. पोलीस घामाघूम होऊन थरथरू लागला. तो दुसरा रुग्ण नंतर शौचालयात सापडला, जीव देण्याच्या प्रयत्नात. आपल्याला पुन्हा पोलिसांकडे नेण्यासाठीच हा आला आहे, असे त्याने धरून घेतले होते. असल्या माणसांना बरे करून कोठे पाठवायचे? पुन्हा कोठडीत, पुन्हा चाबकाखाली? १९५६ मध्ये फॅननने निवासी मंत्री लाकोस्त यांना पत्र लिहून राजीनामा दिला. ज्या देशात देशी माणूस आपल्याच भूमीवर कायमचा परका आहे, तेथे मनोविकाराचा डॉक्टर काय काम करणार, असा त्या पत्राचा आशय होता. १९५७ च्या जानेवारीत सरकारने त्याला हद्दपार केले. त्याच सुमारास अल्जीरियातील फ्रेंच फौजेचा सेनापती झाला होता तो राऊल सालां, पदकावर सही करणारा.

तेथून ट्युनिस. दिवसा रुग्णालय, बाकी वेळ मुक्ती आघाडीचे वर्तमानपत्र. १९५९ च्या त्याच्या पुस्तकात रेडिओवर एक प्रकरण आहे, ते आम्हाला फार आवडते. अल्जीरियन घरात रेडिओ नसे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञांनी कारण शोधले, की बापासमोर, सुनेसमोर नको त्या गोष्टी कानावर पडतात, म्हणून ही परंपरानिष्ठ माणसे रेडिओ घेत नाहीत. १९५६ च्या अखेरीस बंडखोरांचे स्वतःचे केंद्र सुरू झाले आणि तीन आठवड्यांच्या आत दुकानांतले रेडिओ संपले. सरकारने विक्रीवर बंधने घातली, लहरींत खरखर सोडली. मग एकजण यंत्राला कान लावून बसे, खोलीभर माणसे त्याच्या तोंडाकडे पाहत, ऐकू न आलेले सारे मिळून जुळवीत. बाप, सून, लाज, परंपरा, सगळे त्याच घरात होते. हा आवाज मालकाचा नव्हता, इतकेच बदलले होते. डॉक्टर आणि औषधांचेही तसेच. फ्रेंच दवाखान्याला भिऊन लांब राहणारे खेडूत मुक्ती आघाडीच्या आरोग्यसेवकाने सांगितलेली स्वच्छता विनातक्रार पाळू लागले.

एका जागी मात्र आम्ही फॅननसोबत नाही. हिंसेने गुलामाच्या मनातला न्यूनगंड धुऊन निघतो, असे त्याने शेवटच्या पुस्तकात मांडले, आणि जगभरच्या तरुणांनी तेवढेच उचलले. पण त्याच पुस्तकाच्या अखेरच्या प्रकरणात त्याचीच रुग्णटिपणे आहेत. त्यांत आपल्याच गोऱ्या खेळगड्याला ठार मारणारी १३ आणि १४ वर्षांची दोन अल्जीरियन मुले आहेत. सूडाने एका बाईला मारून मग रात्री तिच्या भासाने झोप उडालेला लढवय्या आहे. तत्त्वज्ञ फॅनन एक सांगतो आणि डॉक्टर फॅननची वही दुसरे दाखवते. आमचा विश्वास वहीवर आहे. जात ही मनात रुजलेली धारणा आहे आणि तिच्या मुळाशी शास्त्रांचे प्रामाण्य आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवले होते. ती धारणा उपटण्यासाठी त्यांनी तळ्यावरचा सत्याग्रह, संविधान आणि बुद्धाचा मार्ग निवडला. हे मार्ग मवाळ आहेत असे ज्यांना वाटते त्यांनी महाड आठवावे. पाण्याची ओंजळ उचलताना माणसाच्या आत काय बदलले असेल, याची टिपणे लिहायला तेथे कोणी फॅनन नव्हता.

त्या शेवटच्या पुस्तकाचे आणखी एक प्रकरण मात्र आमच्या पुढाऱ्यांच्या उशाशी ठेवण्यासारखे आहे. स्वातंत्र्य मिळाल्यावर शोषितांतलाच एक वर्ग मालकाच्या खुर्चीत बसतो आणि दलाली करतो, हे त्याने अल्जीरिया स्वतंत्र होण्याआधी लिहिले.

लिहायला त्याच्याकडे वेळच नव्हता. १९६० मध्ये तो अल्जीरियाच्या हंगामी सरकारचा घानातील राजदूत होता. त्या वर्षाच्या शेवटी रक्ताचा कर्करोग निघाला. मॉस्कोत उपचार झाले. थोडा आराम पडला तेवढ्यात, १९६१ च्या काही महिन्यांत, त्याने पुस्तक तोंडाने सांगून लिहून घेतले. वर्षाच्या अखेरीस ते पॅरिसमध्ये छापून आले आणि पोलिसांनी प्रती जप्त केल्या. तोवर तो बेथेस्डाला इब्राहिम या नावाने दाखल होता. मृत्यूनंतर शव ट्युनिसला आणले गेले आणि मुक्तिसैनिकांनी ते सीमा ओलांडून अल्जीरियाच्या मातीत नेऊन पुरले. देश स्वतंत्र झाला ५ जुलै १९६२ रोजी, सात महिन्यांनी. मुके रुग्ण जेथे बोलू लागले होते, त्या ब्लिदाच्या रुग्णालयाला आज त्याचे नाव आहे.